धूर नसला तर

फाल्गुनातल्या त्या दुपारी खिडकी आपटली, एवढंच झालं. इयत्ता सातवीचा वर्ग, डाव्या हाताची तिसरी खिडकी. तिचा आकडा दिवाळीपासून मोडलेला, आणि हेडमास्तरांच्या कानी घालून घालून भूगोलाचे मास्तर त्र्यंबक वैशंपायन यांची जीभ झिजलेली. फळ्यावर त्यांनी 'मतलई वारे व खारे वारे' असं लिहिलं होतं आणि दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे का येतो ते खुर्चीत बसून सांगत होते. बाहेर पान हलत नव्हतं. मग कुठूनसा एक झोत आला, खिडकी धाडकन चौकटीवर आदळली, आणि मास्तरांचा उजवा हात मुठीत आवळून पोटाशी आला, डाव्या हाताने कसलीशी न दिसणारी कळ पुढे रेटली, दोन्ही पाय ताठ होऊन टेबलाखालच्या आडव्या दांडीवर रोवले गेले. मुठीतल्या खडूचा चुरा झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते साहजिकच होतं. अडतीस वर्षांचा घोडा, कोट-टोपी घातलेला, खुर्चीत बसून गाडी हाकल्यासारखं करतो म्हटल्यावर पोरं हसणार नाहीत तर काय आरती ओवाळणार? मास्तरांनी हात झटकले, धडा पुढे चालू केला. पाय मात्र तास संपेपर्यंत सैल झाले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी अर्धा श्वास आधी जे करायला हवं होतं, ते पाय आता करत बसले होते.

शाळा सुटली. मास्तर शाळेत राहिले आणि बाजारातून घरी निघाला तो नुसता त्र्यंबक. लोणावळ्यात त्याला सगळे ओळखत. 'विमानातले मास्तर.' लढाई सुरू झाल्यापासून तर त्याचा भाव आणखीच वधारला होता. वरून एखादं विमान घरघरत गेलं की वाणी दुकानातून मान बाहेर काढून विचारी, "काय मास्तर, कुठलं म्हणायचं हे?" आणि हा वर न बघताच काहीतरी ठोकून देई. नऊ वर्षांत त्याने वर पाहिलं नव्हतं. वाऱ्याकडे मात्र पाहायचा, ती खोड जाता जात नव्हती. देवळावरचं निशाण कुठे वळलंय, दोरीवरचं धोतर कुठल्या अंगाला फुगलंय, हमालाच्या विडीचा धूर कुठे चाललाय. लोकांना वाटे, बघा, केवढं दुःख गिळून बसलाय माणूस. मित्र डोळ्यांदेखत गेला, स्वतःचं मनगट जन्माचं वाकडं झालं, तरी ब्र नाही काढत कुणाविरुद्ध. अरे, काढायची गरजच काय होती? जो दोष द्यायचा तो देऊन झाला होता, सरकारी कागदावर, सहीनिशी. बाकीचं काम गावाने आपणहून केलं होतं. त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणाऱ्याला आपल्याकडे लोक थोर म्हणतात.

घरी ओट्यावर एक बाई बसली होती. विटकं नऊवारी, पायाशी हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांची पेंढी. त्याची बायको शैला तिला पाण्याचा तांब्या देऊन दारात उभी होती. "तुमच्याकडेच काम आहे म्हणतात. नाव काही सांगत नाहीत," शैला म्हणाली. बाई उठली, तिने पदर नीट केला. "वळखलं का सायेब? म्या झुंबरबाई. कान्हे गावच्या हौशीरामाची." शैलाचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला. मग ती रिकामा तांब्या उचलून आत निघून गेली. या घरात ते नाव कुणी घेत नसे. दर वैशाखात खाली मावळात शेतकरी राब भाजायचे, भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पाला, गोवऱ्या पसरून पेटवायचे, आणि त्याचा धूर लोणावळ्यापर्यंत चढायचा. त्या दिवसांत शैला भर उकाड्यात घराच्या खिडक्या लावून बसे. का, ते त्र्यंबकला माहीत होतं. धूर आला की तिला तिचा थोरला भाऊ आठवे. गंगाधर. विमानात पुढच्या जागेवर तो बसला होता.

"मानूस आता थोड्या दिसांचा सोबती हाय," झुंबरबाई खालच्या आवाजात म्हणाली. "दम्यानं पार पिंजऱ्यावानी झालाय. न्हाई भाकर मागाया आले, न्हाई नोकरी. आमच्या घराकडं होळीचा मान व्हता, सायेब. गावच्या होळीला पयला इस्तू आमच्या चुलीतनं जायाचा, आज्या-पंज्यापास्नं. त्या सालापास्नं गावानं त्यो काढून घेतला. म्हंत्यात, ज्यानं इस्तू इजवून मानूस मारला त्याच्या हातानं होळी नगं. त्यांनी समदं सोसलं, ह्ये येवढं न्हाई सोसलं. दर होळीला पोटात गुडघं घेऊन पडून ऱ्हात्यात. औंदा होळीला या. गावाम्होरं येवढंच सांगा, का धूर इजवायचा तुमचा दोगांचा ठराव व्हता. बास. दुसरं कायबी बोलू नगा."

त्र्यंबकने आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोला, बाई." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "हळूच बोलतीया. नऊ वर्सं हळूच बोलले. त्यांनी मला पयल्याच दिशी सांगितलंवतं, म्या तोंडाला कुलूप घातलं. आमचं कोन आयकतंय? आयकनार त्ये तुमचंच." "बघू," तो म्हणाला. 'बघू' हा शब्द मोठा सोयीचा. त्यात होही असतं आणि नाहीही. झुंबरबाईने हरभऱ्याची पेंढी ओट्यावर पुढे सरकवली, तेवढ्यात शैला बाहेर आली. डोळे पुसून आली होती हे दिसत होतं. "मी ऐकलं," ती म्हणाली. "होळीचा मान म्हणता ना तुम्ही? आजारी आहेत म्हणता. आम्ही येऊ. दोघंही येऊ." मग त्याच्याकडे वळून, जरा घोगऱ्या आवाजात, "दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तरी किती दिवस खिडक्या लावून बसू? मरायला टेकलेल्या माणसाला क्षमा नाही करायची तर कुणाला करायची? तुम्ही गावासमोर सांगून टाका, आमच्या मनात काही नाही म्हणून." झुंबरबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. 'येते' म्हणाली आणि उतारावरून स्टेशनाकडे चालू लागली. ठरावाचं शैलाच्या कानी गेलेलं नव्हतं. त्र्यंबकला फार बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटायला त्याला पुढचे दोन दिवस लागले.

होळीला सहा दिवस होते. तास नसला की तो शिक्षकांच्या खोलीत बसून राही, आणि समोरच्या भिंतीवर नकाशा असे तिथे कान्ह्याचं माळरान येई. मुंबईच्या एका गिरणीवाल्या शेठने इंद्रायणीकाठचं ते रान घेतलं होतं, दगड वेचून, काट्या तोडून सपाट केलं होतं, आणि तिथे आपलं दोन माणसांचं विमान उतरवायचा थाट मांडला होता. पुढे बसणारा, मागे चालवणारा. डोक्यावर छप्पर नाही, चाकांना ब्रेक नाहीत. चालवणारा त्र्यंबक. तळेगावच्या भिक्षुकाचा मुलगा मुंबईला जाऊन विमान शिकून आला तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "आमच्या कुळात आजवर पितरं तेवढी वर गेली." विमान उतरवायचं असतं वाऱ्याच्या तोंडावर. वारा समोरून आला तर विमानाला हातावर झेलतो, पाठीमागून आला तर टाकून देतो. खालचा वारा वरून कळावा म्हणून माळाच्या कोपऱ्यात ओल्या पेंढ्याचा धूर करून ठेवायचा, आणि ते काम हौशीरामचं. गाव त्याची टिंगल करायचं. "काय हौशा, आभाळातल्या पाव्हण्याला चूल पेटवली का?" तो हसायचा. धूर मात्र असा करायचा की खंडाळ्यावरून दिसावा. अपघाताच्या आदल्या वर्षी वैशाखात एकदा वारा ऐन उतरताना फिरला आणि त्र्यंबक थोडक्यात वाचला. विमान थांबल्यावर तो तिथेच बांधावर बसला. हौशीरामने शेजारी बसून फडकं सोडलं, अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सायेब, ह्यो धूर खोटा हाय." "खोटा?" "वारं आदी फिरतंय, मंग धूर फिरतुय. तवर तुमी खाली आलेलं आसताय. वळवाच्या दिसात पच्छिमंचं वारं एकाएकी मेलं, का समजायचं, आता पूर्वंचं येनार. म्हसरं पाठ फिरवून उबी ऱ्हात्यात. मला दोन चिलमी आदी कळतंय." "तुला कळून काय उपयोग? मला वर कसं कळणार?" हौशीरामने घास चावत चावत विचार केला. "म्या इस्तूच इजवीन. धूर आसला तर उतरा. धूर नसला तर उतरू नगा, सरळ मुंबैला जावा." "ठरलं," त्र्यंबक म्हणाला आणि ठेच्याने तोंड भाजलं म्हणून दोघंही हसले. ठरावाला साक्षीदार दोन म्हशी. शेठच्या वहीत त्याने तो लिहिला नाही. शेठ म्हणाला असता, विमान तू चालवतोस की म्हशी? पण त्यानंतर दोनदा कोपऱ्यात धूर नव्हता, दोनदा तो मुकाट मुंबईला गेला, आणि दोन्ही वेळा मागाहून कळलं की पाव घटकेत माळावर झाडं पडली होती.

आणि तिसऱ्या वेळी? तिसऱ्या वेळी खाली शैला उभी होती. गंगाधर त्याचा कॉलेजातला मित्र. शैला गंगाधरची धाकटी बहीण. लग्नाचं बोलणं चालू होतं, पण तिच्या वडिलांचं मन घेत नव्हतं. ज्याचे पाय जमिनीवर नाहीत त्याच्या पदरात पोर कशी घालायची? गंगाधरनेच तोड काढली. पुण्याहून तो स्वतः त्र्यंबकबरोबर विमानातून येणार, घरच्यांनी तळेगावहून टांग्याने कान्ह्याच्या माळावर यायचं, डोळ्यांनी बघायचं, मग बोलायचं. आईने कळशीभर पन्हं करून आणलं होतं. दुपारी चारचा सुमार. पुण्याहून निघाले तेव्हा ऊन होतं, वडगाव मागे पडलं तेव्हा पाठीमागचं आकाश पाटीसारखं काळं झालं होतं. माळ दिसला. त्र्यंबकने सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं. धूर नव्हता. ओला काळा डाग होता, आणि डागाशेजारी उभा राहून हौशीराम डोक्यावर घोंगडी गरागरा फिरवत होता. हे त्याने पाहिलं. नऊ वर्षं तो स्वतःशी घासाघीस करत आला की नीट दिसलं नसेल, धूळ असेल, काच ओली असेल. छे. लख्ख दिसलं. टाकीत तासाभराचं पेट्रोल होतं. पुढे घाटाखाली स्वच्छ ऊन पडलेलं दिसत होतं. पलीकडच्या भातखाचरांत लोकांचे राब धुमसत होते आणि त्यांचा धूर अजून जरासा पूर्वेला कललेला होता, म्हणजे वारा पश्चिमेचाच. पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक. बोलायच्या नळीतून पुढच्या गंगाधरचा आवाज आला, "काय रे, उतरतोस ना? का परत फिरवतोस? बाबा म्हणतील, जावई आभाळातच राहणार!" खाली टांग्याशेजारी अंजिरी रंगाचं पातळ, कपाळावर आडवा धरलेला हात. त्या क्षणी त्याच्या मनात जे वाक्य आलं ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. म्हशी राखणारा एक माणूस घोंगडी हलवतो म्हणून मी हिच्यादेखत पळून जाऊ?

त्याने तोंड पश्चिमेकडे केलं आणि विमान खाली घेतलं. बांधावरून आत येताना पाहिलं तर राबांचा धूर सरळ उभा होता. वारा मेला होता. मग पाठीवर रट्टा बसला. हातातली दांडी एकदम ढिली पडली, तिला काही धरायलाच उरलं नाही. त्याने डाव्या हाताने इंजिनाची कळ पुढे रेटली, पाय रोवले. अर्धा श्वास उशीर झाला होता. चाकं आपटली, उडाली, पुन्हा आपटली, आणि पाठीमागून पूर्वेचं वारं घेऊन विमान धुळीत बेफाम धावत सुटलं. माळाच्या पश्चिम टोकाला दगडी बांध होता. त्यानंतरचं त्याला आठवतं ते गारांपासून. लिंबाएवढ्या गारा, उलटलेल्या विमानाचं चाक अजून फिरतंय, आणि तो मोडक्या मनगटाने गंगाधरला बगलेत धरून ओढतोय. गंगाधरची मान नको तिकडे वळलेली. दुसऱ्या बाजूने कुणीतरी ओढत होतं; तो हौशीराम. त्याच्या डोक्यावर गारा पडत होत्या आणि तो एकच म्हणत होता, अगदी हळू, लहान मुलाची समजूत काढावी तसा, "सायेब, म्या इजवलावता की. म्या इजवलावता की." मागून शैलाची आई किंचाळत होती. पुढल्या वर्षी शैलाच्या वडिलांनी त्याचे हात हातात घेतले, "मनगट मोडलेलं असताना तुम्ही माझ्या मुलाला बाहेर काढलंत," आणि पोर त्याच्या पदरात घातली. तेव्हा त्याचे पाय जमिनीवर होते.

चौकशी लोणावळ्याच्या डाक बंगल्यात झाली. गोरा अधिकारी, एक दुभाषा, पंखा ओढणारा. आज नऊ वर्षांनी त्या जबानीतले शब्द उलटेपालटे करून पाहिले तरी त्यात खोटं सापडत नाही, हीच तर मेख. धूर होता का? नव्हता. असायला हवा होता का? हवा होता. धुराशिवाय खालच्या वाऱ्याचा अंदाज येतो का? येत नाही. तीन प्रश्न, तीन खरी उत्तरं. मग हौशीरामला उभं केलं. धूर आपोआप विझला का? "न्हाई, म्या इजवला. दोन घागरी पानी वतलं." साहेबाने मान वर केली. कशासाठी? हौशीरामने ठराव सांगितला नाही. त्याला वाटलं असणार, आपण सांगायचं कशाला, सांगणारा समोर बसलाय की. तो त्र्यंबककडे बघून मोकळेपणाने म्हणाला, "सायबास्नी ठावं हाय." दुभाष्याने मान वळवली, गोऱ्याने मान वळवली, पंखा ओढणाऱ्याने दोरी थांबवली. कोपऱ्यात शैलाचे वडील बसले होते. "मला काही ठाऊक नाही," त्र्यंबक म्हणाला. एवढंच एक खोटं, आणि ते एकच पुरलं. हौशीरामने त्यानंतर तोंडच उघडलं नाही. कागदावर आलं: धूर करणाऱ्या इसमाने ऐन वेळी, कारण न देता, निशाणीचा विस्तव विझवला. शेठने माळ सोडून दिला, गावाने मान काढून घेतला, त्र्यंबकला भूगोल शिकवायची नोकरी लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात. तसं काही नसतं. नऊ वर्षं चांगलं पचतं. खवखवतं ते एखादी खिडकी आपटल्यावर.

होळीच्या दिवशी दुपारच्या गाडीने दोघं निघाली. एकाच बाकावर बसली. शैलाने होळीच्या नैवेद्याला पुरणपोळ्या केल्या होत्या. डबा मांडीवर धरून ती खिडकीतून बघत होती आणि तिचा चेहरा असा निवलेला होता की त्र्यंबकला तो लग्नानंतर पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं. त्याने वाक्य तयार केलं होतं. 'धूर विझवायचा आमचा ठराव होता.' मळवली येईपर्यंत ते त्याने मनात वीसदा म्हटलं. सोपं वाक्य, मूलही म्हणेल. पुढे काय होईल तेही दिसत होतं. शैला विचारील, मग तुम्ही उतरलात का? त्याला उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, आणि ते अंजिरी पातळाचं होतं. असेना का. एकदाचं होऊन जाऊ दे. कामशेतला उतरून टांग्यात बसताना तर त्याला हुरूपच आला. शैला म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हालाही?" तो हो म्हणाला, आणि ते खरं होतं.

कान्ह्यात देवळापुढे होळी रचली होती, मधोमध एरंड, भोवती गोवऱ्या, लाकडं. सूर्य टेकला होता. हौशीराम पाराच्या कडेला बसला होता. नुसती हाडं आणि त्यावर धुवट बंडी. पण दाढी केलेली, डोक्याला फेटा, आणि श्वास घेताना खांदे वर-खाली होत असले तरी तोंड हसरं. त्र्यंबकला बघून तो उठला, हात जोडले. "आलासा सायेब. मला ठावं व्हतं," एवढं बोलायला त्याला दोन दम लागले. झुंबरबाई बायकांत उभी होती, तिच्या शेजारी जाऊन शैला उभी राहिली. सोपानआबा गावातले वडीलधारे. त्यांनी काठी आपटून लोकांना गप्प केलं. "बोला मास्तर. पोरांनो, बोंबा मारायच्या थांबवा, मास्तर काय म्हंत्यात आयका."

"त्या दिवशी," त्र्यंबक म्हणाला. वाक्य जिभेवर होतं. त्याने शैलाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे अभिमानाने बघत होती, देवघरात बघावं तशी. इतकं कुणी आपल्याकडे बघत असताना माणसाने काय करावं? खाली ती उभी होती, आणि तो पुन्हा उतरत होता. "त्या दिवशी जे झालं ते झालं," त्याने आपलाच आवाज ऐकला, वर्गातला, स्वच्छ, गोल. "हौशीरामबद्दल आमच्या मनात आता काही नाही. माझ्या नाही, हिच्याही नाही. माणूस आहे, चुकतो. आम्ही त्याला क्षमा केली आहे." लोकांत वाहवा उठली. सोपानआबांचे डोळे भरून आले. "ह्येला म्हंत्यात मोठ्या मनाची मानसं! न्हाईतर आपुन, बांधाच्या वितभर मातीपायी पिढ्यान् पिढ्या तोंड बगत न्हाई. हौशा, घे रं बाबा. सायबांनी पदरात घेतलं तुला. लाव इस्तू."

हौशीरामच्या हातात पेटता टेंभा आला. तो हळूहळू होळीपर्यंत गेला. तिथे थांबला, वळला आणि त्र्यंबककडे बघत राहिला. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर बरं झालं असतं. मग त्याने होळीला वळसा घातला, विहिरीजवळ गुरांच्या पाण्याची दगडी डोण होती तिथे गेला, आणि टेंभा पाण्यात बुडवला. चर्र झालं. पांढरा धूर वर आला, पातळ झाला, संपला. हौशीराम ओला टेंभा हातात धरून मान वर करून उभा, त्र्यंबककडेच बघत.

"आरं येड्या! ह्ये काय केलंस?" सोपानआबा ओरडले.

"सायबास्नी ठावं हाय," हौशीराम म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

मग एकच कल्ला. पुन्हा इजवला! हाताला खोडच हाय ह्येच्या! सनासुदीचा अपशकुन! कुणी म्हणालं, अशाला देव तरी कशी क्षमा करंल. सोपानआबांनी दुसरा टेंभा पेटवला आणि आपल्या पुतण्याच्या हातात दिला; होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली. झुंबरबाईने नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला घराकडे नेलं. जाताना तिने त्र्यंबककडे पाहिलंसुद्धा नाही. हौशीराम मधे मधे थांबत होता, फेटा तसाच ताठ होता. आता मान त्याला कधीच मिळणार नव्हता, आणि तो त्याने स्वतः विझवला होता. भीक म्हणून घातलेला मान त्याला नको होता. हे त्या जमावात एकट्या त्र्यंबकला कळलं. एकट्यालाच, असं त्याला वाटलं.

कामशेतच्या फलाटावर बाकाच्या एका टोकाला शैला बसली, मधे पुरणपोळ्यांचा डबा, दुसऱ्या टोकाला तो. नैवेद्य दाखवायचा राहून गेला होता. ती म्हणाली, "त्या दिवशी मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होते. त्याने दोन घागरी ओतल्या, आणि मान वर करून तुमच्याकडे बघत घोंगडी फिरवायला लागला. मला नऊ वर्षं वाटायचं, वेड लागलं होतं त्याला. वेडा माणूस असा बघत नाही. आजही तो तसाच बघत होता. काय ठाऊक आहे तुम्हाला?"

आता सांगता आलं असतं. इथे गाव नव्हतं, आबा नव्हते, वाहवा करणारं कुणी नव्हतं. एक बायको, एक बाक. त्र्यंबकने तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर आले. त्यांना वाट पाठ होती. "मला काही ठाऊक नाही."

शैलाने मान हलवली, जणू पावती मिळाली. मग ती उठली, पदर खोचला आणि पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेली. तिकडे पुण्याकडची गाडी लागे. "कुठे निघालीस?" त्याने रुळांपलीकडे ओरडून विचारलं. "तळेगावला," तिने तिकडून सांगितलं, आवाज अजिबात न चढवता. "आईने नऊ वर्षं त्या माणसाला तळतळाट दिलेत. तिला सांगायला हवं." गाडी आली, गाडी गेली, आणि पलीकडचा फलाट मोकळा झाला.

डबा बाकावर होता. मावळात जिकडेतिकडे होळ्या पेटल्या होत्या, कामशेतची, कान्ह्याची, लांब बेडशाच्या डोंगराखालची, आणि सवयीने त्र्यंबक त्यांचे धूर बघू लागला. सगळे सरळ उभे होते. वारा अगदी पडला होता. आता तो कुठल्या अंगाने उठेल, ते सबंध मावळात एकाच माणसाला सांगता आलं असतं.